कप्तानाची कोरी ओळ

आमच्या कप्तानांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलून जाईन, आणि माझी तशी इच्छा नाही.

पाणी पोटरीच्या वर आलं की ते थांबायचे. तिथूनच, लुंगी वर खोचून, अंगात सोनेरी बटणांचा पांढराशुभ्र शर्ट घालून, ते पाच डोंग्यांवर हुकमत गाजवायचे. गळ्यात शिटी, काखेत दोनशे पानी रजिस्टर आणि हातात एक बांबू, त्याच्या टोकाला साडीची चिंधी. चिंधी हलली तर वारा आहे. नाही हलली तरी शर्यत आहेच. एकदा भर उन्हात तासभर एकाच जागी बसून मी ओरडलो, "कप्तानभाऊ, वारा नाई आहे! बंद करा हे!"

"वारा नाई असं म्हनू नको," कप्तान काठावरून म्हणाले. "वारा रजेवर आहे. रजेवरचा मानूस नोकरीतच धरतेत."

त्यांची स्वतःची नोकरी मुंबईच्या एका यॉट क्लबात झाली. काम एकच, झेंडे चढवायचे आणि उतरवायचे. शर्यतीला पाच मिनिटं राहिली की एक झेंडा, चार राहिली की दुसरा. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या होड्या सोडल्या, स्वतः एकदाही होडीत बसले नाहीत. निवृत्त होऊन आरमोरीजवळच्या आपल्या गावी आले, बुद्धविहाराच्या मागून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढले, समोरचा तलाव बघितला आणि बायकोला म्हणाले, "एवढं पानी, आन् एकबी शर्यत नाई?"

त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणतो. काकी मला सांगायच्या, "मले तवाच समजलं. आता माहं घर या मानसाच्या तावडीतून सुटत नाई."

खरंच सुटलं नाही. मुंबईचे झेंडे रेशमी असत म्हणे. इथले झेंडे काकींच्या परकरांचे. पाच मिनिटं राहिली की बांबूवर निळा परकर चढायचा. चार राहिली की त्याच्या खाली पिवळा. निळा खाली आला की सुटायचं. एका रविवारी काकींना गडचिरोलीला लग्नाला जायचं होतं आणि साडीखालचा निळा परकर सापडेना. त्या तणतणत पाळीवर आल्या, बांबू वाकवला, परकर ओढून काढला आणि घरी गेल्या. आम्ही डोंग्यांत बसून बघतच राहिलो. कप्तानांनी मात्र लगेच शिटी वाजवली. "सुटा! सुटा! निळा उतरला!"

"कप्तानभाऊ, तो काकीनं नेला!"

"झेंडा उतरला पायजे एवढंच नियमात आहे. कोनं उतरवला ते नियमात नाई."

ती शर्यत त्यांनी रजिस्टरात नीट नोंदवली. हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. मी ठेवलं नाही, तिथेच फसलो.

मी आरमोरीला ताडपत्री, दोर आणि पाइप विकतो. सुरुवात सायकलवर दोराची भेंडोळी लादून गावोगाव फिरण्यापासून केली. आता दुकान आहे. दुकानावरची पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली, कारण पेंटर जो भाव सांगत होता तो ऐकून माझं डोकं फिरलं. हे सांगायचं कारण असं की आजवर माझं नाव जिथे जिथे लिहिलेलं आहे, तिथे ते मीच लिहिलेलं आहे. दुसऱ्या कोणी आपणहून कौतुकाने कुठे लिहिल्याचं मला आठवत नाही.

कप्तान पहिल्यांदा दुकानात आले ते शिडासाठी ताडपत्री घ्यायला. "हे वारा धरते का?" त्यांनी विचारलं.

"पानी नाई जात हिच्यातून. गॅरंटी."

"पान्याचं सोड. वारा?"

असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताडपत्री रस्त्यावर नेली, एक टोक मला धरायला लावलं, दुसरं आपण धरलं, आणि आम्ही दोघं वाऱ्याची वाट बघत उभे राहिलो. दोन ट्रॅक्टर अडले. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागला की मांडव कोणाचा आहे. शेवटी एक झुळूक आली, ताडपत्री फुगली, आणि कप्तानांचा चेहरा असा झाला की जसं काही ती झुळूक त्यांच्याच पोटात शिरली.

मी संधी सोडत नसतो. मी म्हणालो, पाच शिडांची ताडपत्री मी देतो, बदल्यात मला एक डोंगा पाहिजे, क्लबाचं कायमचं सभासदत्व पाहिजे आणि काहीतरी हुद्दा पाहिजे. मनात होतं की एका डोंग्यावर सौदा मिटेल. कप्तान म्हणाले, "मंजूर." मी आणखी दोन गोष्टी मागितल्या. "मंजूर." जो माणूस घासाघीस करत नाही त्याच्यापासून सावध राहायला पाहिजे, हे मला धंद्याने शिकवलं होतं. पण मी उपाध्यक्ष होऊन घरी आलो.

क्लब म्हणजे पाच डोंगे. झाडाचं खोड कोरून केलेले तीन, निळे ड्रम जोडून केलेला एक, आणि पत्र्याचा एक, जो सरळ कधीच जात नसे. हंगाम धानाला पाणी देऊन झालं की सुरू व्हायचा आणि तलाव आटेपर्यंत चालायचा. दर महिन्याला एक शर्यत कपाची. कप म्हणजे काकींच्या माहेरचा पितळेचा गुंड, पाणी भरायचा. वर्षात सगळ्यात जास्त गुण ज्याचे, त्याच्या घरी गुंड वर्षभर राहायचा, आणि त्याचं नाव काठावरच्या मोहाच्या झाडाला टांगलेल्या पत्र्याच्या पाटीवर कप्तान स्वतः पांढऱ्या रंगाने लिहायचे. अक्षर असं वळणदार की वाटावं छापलं आहे. मला गुंड नको होता. घरी तीन आहेत. मला ती ओळ पाहिजे होती.

पहिल्या दोन्ही वर्षी ती गुरुजींना मिळाली. गुरुजी एटापल्लीच्या पुढे एका शाळेवर होते. शनिवारी शाळा सुटली की मिळेल त्या गाडीने निघायचे, रविवारी सकाळी तलावावर पोहोचायचे, डोंग्यात बसायचे आणि झोपायचे. खरंच झोपायचे, तोंड उघडं टाकून. मी इकडे शीड सोडतो, ओढतो, दोर दाताने धरतो, वाऱ्याला शिव्या देतो. आणि गुरुजींचा डोंगा घोरत घोरत माझ्या बाजूने पुढे जातो.

"याले काई अर्थ आहे का?" मी कप्तानांना म्हणालो. "झोपलेला मानूस जिंकते?"

"तो वाऱ्याले तरास देत नाई," कप्तान म्हणाले. "तू वाऱ्यासंग भाव करतोस."

नियम त्यांनी रजिस्टरात लिहून ठेवले होते आणि ते इंचभर हलत नसत. वल्हं, बांबू, हात किंवा पाय वापरला तर बाद. दुसऱ्या डोंग्याला धरून पुढे गेलं तर बाद. म्हशीला वाट आधी. चौथा नियम पहिल्या वर्षातला होता. तेव्हा शर्यतीला दोनच डोंगे यायचे, आणि दोघांच्या शर्यतीत तिसरा नंबर कुठून आणायचा? म्हणून कप्तानांनी लिहिलं की शिटी झाल्यावर तलावाच्या हद्दीत जो कोणी डोंग्यावर कापड उभं करून असेल, तो शर्यतीत धरला जाईल. त्या महिन्यात मासे धरणारा एक म्हातारा बांबूवर धोतर वाळत घालून चालला होता. तो तिसरा आला. कप्तानांनी त्याला नारळ दिला. तो बिचारा आजतागायत सगळ्यांना विचारतो की नारळ कशाचा होता.

आणि हत्ती आले तेव्हाचं तर विचारू नका. छत्तीसगडकडून कळप आला आणि सकाळी तलावात उतरला. सगळं गाव घरात. कप्तान मात्र वाकत वाकत मोहाच्या झाडापर्यंत गेले आणि कागद चिकटवून आले: "हत्ती पाण्यात असल्यामुळे आजची शर्यत पुढे ढकलली आहे. हत्तींनी नाव नोंदवलेलं नाही, याची सभासदांनी नोंद घ्यावी." वनरक्षक म्हणाला, "भाऊ, जीव गेला असता ना!" कप्तान म्हणाले, "सूचना न लावता शर्यत रद्द करता येत नाई."

आता माझ्या दुःखाकडे येतो.

तिसऱ्या वर्षी मी आणि गुरुजी गुणांत बरोबरीला होतो, आणि अशा वेळी शेवटची शर्यत जो कोणी जिंकेल त्याचा कप, असा नियम होता. त्या साली पाऊस कमी, तलाव लवकर आटणार, म्हणून शेवटची शर्यत शिंगाड्याच्या दिवसांतच आली. आमच्या तलावात शिंगाड्याचे वेल असतात आणि ते काढायचा हक्क मासेमारी सोसायटीतल्या बायांचा. त्यांच्यात पार्वताबाई सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात तिखट. शेवटची रेषा मोहाच्या झाडापासून तुडुमापर्यंत. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. मी रेषेपासून फार तर पन्नास हातांवर होतो. गुरुजी मागे झोपलेले. आणि वारा पडला.

पार्वताबाई वेलांतून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. डोंगा शिंगाड्यांनी भरलेला, डोक्यावर ऊन नको म्हणून काळी छत्री उघडून मागच्या बांबूला बांधलेली. त्या दम खात बसल्या होत्या. मी काय करू? वारा नाही, वेळ आहे, समोर ताजा माल. मी त्यांच्या डोंग्याची कड धरली आणि विचारलं, "बाई, पायलीले काय घेनार?"

त्यांनी सांगितलं. माझं डोकं फिरलं.

"शिंगाडे देता का सोनं?"

"शेठ, तुमी ताडपत्री देता का रेशीम?"

"बरं, वर दोन मुठी टाका."

"एक मूठ. आन् मूठ माही, तुमची नाई."

मूठ कोणाची यावर आमचं जुंपलं. बाई म्हणाल्या, "ते शीड खाली करा पह्यले, माल दिसत नाई मले." मी शीड खाली केलं. त्यांनी एक मूठ टाकली, मी म्हणालो ही मूठ आहे का चिमूट, त्यांनी ती परत घेतली, मी त्यांच्या डोंग्याची कड आणखी घट्ट धरली. किती वेळ गेला माहीत नाही. वर काय चाललं आहे याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. एकदम कप्तानांची शिटी वाजली. लांब. शेवटची. मान वर करून बघतो तर आम्ही रेषेच्या पार. वारा कधी आला, आम्हाला कधी ढकलत नेलं, काही कळलं नव्हतं.

मी डोंग्यात उभा राहून नाचलो. पडलो. पाण्यातून वर आलो तेव्हा कप्तान रजिस्टर उघडून म्हणत होते, "बाद."

"काऊन बाद?"

"दुसऱ्या डोंग्याले धरून आला."

"म्या पुढे जायासाठी धरला नाई! म्या भावासाठी धरला!"

"धरला ना?"

मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते पोटरीभर पाण्यात शांत उभे होते. सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "लेखी दे." म्हणजे प्रोटेस्ट, निकालाविरुद्धची तक्रार. मी ओल्या हाताने त्यांच्याच रजिस्टरात दोन पानं लिहून दिली. प्रोटेस्ट ऐकायला तीन जणांची समिती लागते. समितीत कप्तान, गुरुजी आणि उपाध्यक्ष. उपाध्यक्ष मी. ज्याचं प्रोटेस्ट तो समितीत बसू शकत नाही. दोघांना ऐकायचा अधिकार नाही.

"मंग तिसरा घ्या कोनी!"

"सुचव. आन् साक्षीदार असन तर घेऊन ये."

साक्षीदार एकच होती. आणि मूठभर शिंगाड्यांसाठी मी कसा भांडत होतो ते सगळ्या गावासमोर तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी कोणालाच सुचवलं नाही, नुसता भांडत राहिलो.

गुरुजी त्या दिवशी रेषेवर पोहोचलेच नाहीत. डोंगा वेलांत अडकून ते दुपारपर्यंत झोपले. कप्तानांनी बरोबरीच्या दोघांपैकी कोणालाही गुंड दिला नाही. पाटीवर वर्ष लिहिलं, पुढची जागा कोरी ठेवली, आणि रजिस्टरात नोंद केली: "पहिला नंबर राखून ठेवला. हंगामाचा कपही त्यालाच." मी समोर उभा राहून ती नोंद उलटी वाचली. राखून ठेवला म्हणजे माझ्यासाठीच, आणखी कोणासाठी? मला वाटलं म्हातारा नरमला, फक्त मान्य करायला लाजतो.

वार्षिक सभा उन्हाळ्यात व्हायची, आटलेल्या तलावात. मधोमध, तडकलेल्या चिखलावर सतरंजी. डोंगे आजूबाजूला पालथे. तिथेसुद्धा पालथ्या डोंग्यांमधून उजव्या बाजूनेच यायचं, नाहीतर कप्तान परत पाठवायचे. ते पुढच्या हंगामाचे बेत वाचायचे. पाळीवर दीपगृह बांधायचं. सिरोंचाकडून एक तेलुगू चमू बोलवायचा. तलावात भरती-ओहोटी नाही याबद्दल बाहेरच्या स्पर्धकांना आधी कळवायचं. मी उठून विचारायचो, "माह्या प्रोटेस्टचं?" ते म्हणायचे, "बेतात आहे." आणि खरंच, दोन वर्षं बेताच्या यादीत शेवटचं कलम तेच होतं.

मग कप्तानांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना नागपूरला नेलं, चौथ्या मजल्यावर. जायच्या दिवशी त्यांनी एसटीच्या खिडकीतून माझ्या हातात शिटी आणि रजिस्टर दिलं. वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. म्हणाले, "निळा परकर काकी संग घेऊन चालली. दुसरा पाहा."

आता कप्तान मी. म्हणजे पाटी माझी, रंग माझा, ब्रश माझा. कोऱ्या ओळीत नाव लिहायला मला कोण अडवणार होतं? मी शिडी लावली. ब्रश बुडवला. आणि लक्षात आलं की पुन्हा मीच लिहितो आहे. दुकानाच्या पाटीसारखंच. मी शिडीवरून उतरलो आणि नागपूरला फोन लावला.

"समिती बसवतो," मी म्हणालो. "तुमी, गुरुजी, आन् पार्वताबाई. साक्षीदारबी त्याच."

मग कप्तान म्हणाले, "वारा कसा आहे तिकडे?"

पार्वताबाई फुकट थोड्याच येणार? त्यांनी अट घातली की पुढच्या हंगामात शिंगाडे निघेपर्यंत एकही शर्यत वेलांच्या बाजूने जाणार नाही. मी अर्धी बाजू मागितली. त्या म्हणाल्या, मग मी येत नाही. मी पूर्ण बाजू दिली. आयुष्यात पहिल्यांदा "मंजूर" म्हणालो, आणि तोंड कडू झालं.

रविवारी सकाळी मोहाखाली समिती बसली. सतरंजीवर गुरुजी, जागे. त्यांच्या शेजारी पार्वताबाई. मध्ये माझा मोबाइल, त्यात कप्तान. मी समोर उभा. मी सगळी हकीकत सांगितली, मूठ वगैरे गाळून. बाईंनी मूठ परत घातली, सगळी, माझा आवाज काढून. गाव हसलं.

"आता एकच इचारतो," मोबाइलमधून कप्तान म्हणाले. "बाई, छत्री उघडी होती का?"

"होती ना. ऊन केवढं होतं!"

"हातात?"

"नाई, बांबूले बांधली होती."

"गुरुजी, चौथा नियम वाचा."

गुरुजींनी वाचला. हद्दीत, शिटी झाल्यावर, डोंग्यावर कापड उभं करून. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला. माझं शीड खाली होतं. मी स्वतः खाली केलं होतं. आम्हा दोघांना रेषेच्या पार नेलं ते त्या काळ्या छत्रीने.

"रेषेवर कोनाचं टोक पुढे होतं?" कप्तानांनी विचारलं.

ते त्यांनी एकट्याने पाहिलं होतं. आणि मला माहीत होतं. धरणारा मागेच असतो.

"मंग पह्यला नंबर माहा," पार्वताबाई म्हणाल्या.

मी मोबाइलवर ओरडलो, "तुमाले ठाऊक होतं! दोन वर्षं! काऊन नाई सांगितलं?"

"प्रोटेस्ट तुहं होतं," कप्तान म्हणाले. "साक्षीदार तूच आनाले पायजे. नियमात आहे. मी वाट पाहून राह्यलो होतो." आणि मग, अगदी हळू, "बरं केलंस बाबू."

मी तिथेच शिडी लावली. खाली उभ्या राहून पार्वताबाई एकेक अक्षर सांगत होत्या. काना वाकडा झाला म्हणून त्यांनी तो मला पुसून पुन्हा काढायला लावला. मी म्हणालो, खाली बारीक अक्षरात दुसरा नंबर लिहू का? त्या म्हणाल्या, "बाद मानसाचा कायचा नंबर?" गुंड कडेवर घेऊन जाता जाता त्या थांबल्या. "शेठ, मले लिहिता येते. सोसायटीत सही करतो मी. पुढच्या साली जिंकला तं तुमचं नाव मी लिहून देईन."

"काना सरळ?"

"ते जिंकल्यावर ठरवू."

पुढच्या हंगामाचे बेत मी रजिस्टरात उतरवले आहेत. दीपगृह तसंच ठेवलं आहे. वेलांची बाजू सोडली आहे. दुसरा निळा परकर बायकोच्या पेटीतून घेतला, तिला अजून सांगितलेलं नाही. आणि काल आरमोरीच्या बाजारात जाऊन एक मोठी काळी छत्री आणली. दुकानदाराने भाव सांगितला. मी तेवढेच मोजून दिले. छत्री उघडली, भर रस्त्यात उभा राहिलो, आणि ती फुगेपर्यंत वाट बघितली.